कुंकू लावलेली पेटी

निवृत्त इंजिनिअरला कॉलेजांतून भाषणाला बोलावतात. मी आयुष्यभर मेमरी चिपा तपासल्या, म्हणून माझा विषय ठरलेला: माहिती साठवणारी चिप जास्त काळ कशी टिकवायची आणि तिच्यावर भरवसा कसा ठेवायचा. भाषण कंटाळवाणं होऊ लागलं की मी मध्येच एक फोटो दाखवायचो. राखाडी पेटी, झाकणावर हळदीकुंकवाची बोटं, कडेला चिकटलेले तांदळाचे दाणे. "ग्राहक आपल्या मशिनचं काय काय करतात बघा," मी म्हणायचो. पोरं हसायची. मीही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका कॉलेजात शेवटच्या बाकावरची मुलगी हसली नाही. ती उठून म्हणाली, "सर, ही पेटी आमच्या गावच्या विहिरीवरची आहे. ज्यांनी कुंकू लावलं ते केरबाआबा अजून गावात आहेत. त्यांच्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही ह्याच्यावर हसवताय कशाला?"

पहिला राग मला त्या मुलीचाच आला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भर वर्गात असं बोलायचं? घरी पोचेपर्यंत तो राग माझ्या जुन्या कंपनीवर गेला. मग साहेबांवर, मग अख्ख्या धंद्यावर. चार महिने मी असाच धुमसत होतो. शेवटी चैत्रात बॅग भरली आणि केजची एसटी पकडली. जे पाहिलं ते लिहितो आहे. हे वाचणारा एखादा तरुण इंजिनिअर असेल तर त्याने जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

केज

सकाळचं ऊन आणि दुपारचं ऊन यांत तिथे फारसा फरक नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात नाश्त्याला 'सुशीला' मिळाली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. आपल्याकडे पोह्यांचा जो मान, तो तिथे सुशीलेचा. पुण्यात पोहे देणारा आपल्याकडे बघतसुद्धा नाही. इथल्या हॉटेलवाल्याने माझ्या बॅगेत बघितलं, तारा आणि सर्किट दिसली, आणि थेट विचारलं, "काका, भंगार घेता का?"

"नाही. मीच भंगार आहे," म्हटलं. त्याने हसत आणखी एक चमचा कूट टाकलं.

शेजारी मोबाइलच्या सामानाची टपरी होती. पत्र्याला तार बांधून मेमरी कार्डं उन्हात टांगलेली, चिवड्याच्या पाकिटांसारखी. माझं डोकं फिरलं. मी जाऊन म्हणालो, "ही कार्डं उन्हात कशाला टांगली?"

"मग काय फ्रीजमंदी ठिवू, काका?"

"उन्हाने ती खराब होतात."

"कोरी हायत. कोऱ्याचं काय खराब व्हतंय?" तो कानातली वायर न काढता बोलत होता. "लोकं लग्नाची शूटिंग भरून ट्रंकंत ठिवतात. दोन-चार सालानं येतात, म्हनतात समदं गेलं, कायबी दिसंना. म्या म्हनतो, तुमीच काय तरी दाबलं असंल."

'तुम्हीच काहीतरी दाबलं असेल.' हे वाक्य आमच्या धंद्याने त्याला शिकवलं. त्याच्याहून चांगल्या भाषेत, कंपनीच्या कागदावर, मी ते कितीदा लिहिलं होतं!

ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिपमध्ये अक्षरं शाईने लिहिलेली नसतात. बारीक बारीक खोल्या असतात आणि त्यांत विजेचा भार कोंडलेला असतो. लिहून पुसलं, पुन्हा लिहिलं, की दर वेळी त्या खोलीच्या भिंती थोड्या झिजतात. चिप बरीच वर्षं बंद, उकाड्यात पडून राहिली तर भार हळूहळू झिरपून जातो. ट्रंकेत जपून ठेवलेलं लग्न असं जातं. कुणी काही दाबलेलं नसतं.

गाव

केजहून नांदूरघाटच्या रस्त्याला जीप मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही. केरबाने नको म्हटलं. बालाघाटाचे उघडे माळ, नांगरून पडलेली काळी रानं, बांधावर बोरी-बाभळी. ऊसतोडीला गेलेली माणसं परतू लागली होती, त्यामुळे बऱ्याच घरांची कुलपं नुकतीच निघाली होती. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी परात होती. ती कुणाची हे उतरेपर्यंत कळलं नाही.

गाव दोन आळ्यांचं. वरच्या आळीत मोठ्या जमिनीवाले, त्यांचे पुढारी तात्या. खालच्या आळीत लहान शेतकरी आणि धनगरांची घरं. दोघांत एक सामाईक विहीर. बऱ्याच वर्षांपूर्वी गावाने आपल्या बुद्धीने एक करार केला होता. विहिरीचं पाणी ठरलेल्या खुणेखाली गेलं की उसाला पाणी बंद. फक्त पिण्याला आणि जनावरांना. कुणी चोरून मोटार चालवली तर कळावं म्हणून विहिरीत पाणी मोजणारं यंत्र बसवलं आणि काठावरच्या खोलीत आमच्या कंपनीची पेटी. पाणी किती वर, किती खाली, याची नोंद पेटी रात्रंदिवस ठेवायची. किल्ली खालच्या आळीतल्या केरबाकडे. दर महिन्याला सगळ्यांसमोर पेटी वाचायची. एका टंचाईच्या साली वरच्या आळीवर संशय आला. दसऱ्यानंतर बैठक बसली, पेटी उघडली, तर कोरी. त्या महिन्याचीच नव्हे, मागची सगळी नोंद गेलेली.

पेटी दुरुस्तीला पुण्यात आली, माझ्या टेबलावर. कंपनीने ती परत पाठवताना सोबत अहवाल दिला: ग्राहकाने उपकरणाशी छेडछाड केली, उपकरणावर हळदकुंकू आढळलं, सबब वॉरंटी लागू नाही. खाली सही माझी.

गावात तो सगळ्यांसमोर वाचला गेला. खालच्या आळीने त्यातून एकच अर्थ काढला. तात्याने केरबाला विकत घेतलं आणि केरबाने नोंद पुसली. परके लोक तुटले असते तर चाललं असतं. तुटली ती केरबाची आपली माणसं.

केरबाचं अंगण

केरबा साठीच्या आसपासचा, उंच, बोलायला कंजूष. मी अंगणात पोचलो तेव्हा त्याने आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा दिला, आणि मग विचारलं, "कोन?" आपल्याकडे दाराच्या भोकातून आधी माणूस तपासतात, मग दार उघडायचं की नाही ते ठरवतात. इथे क्रम उलटा. तहान आधी, ओळख नंतर.

मी ओळख सांगितली. पेटीचा अहवाल मी लिहिला, हेही सांगितलं.

त्याने माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. मला वाटलं आता तो हिसकावून घेणार. त्याने आत हाक मारली, "गोदा, ते पुन्याचे सायेब आल्यात. पेटीवाले."

गोदाबाई पिठाच्या हातानेच बाहेर आली. "आत्ता?" ती म्हणाली. "लेकीचं लगीन झालं, वाजंत्रीबी परगावची आनावी लागली, तवा कुटं व्हता?"

उत्तर तिला नकोच होतं. ती भाकरी टाकायला आत गेली.

केरबा मात्र भलतंच बोलला. "सायेब, तुमी खोटं न्हाई लिवलं. पेटी माज्याच हातानं गेली. खंडेनवमीला समद्या अवजारांची पूजा करतोत. पाभर, कुऱ्हाड, मेंढरं कातरायची कात्री. त्या दिशी अवजार चालवायचं न्हाई. पेटीबी माजं अवजारच की. हळदकुकू लावलं आन वायर काढून ठिवली. म्हनलं, एक दिस इस्रांती. सांजच्याला वायर जोडली. तवापासून ती मुकी."

"कुणाला सांगितलंत हे?"

"गोदाला. गावाला काय सांगू? वायर काढली म्हनलं आस्तं तर अजूनच म्हनले आस्ते, बघा, पुसलीच. तवापासून खंडेनवमीला म्या काय मांडीतच न्हाई. मेंढराची कात्रीबी न्हाई. हात लावला की जिनसा मरतात, आसं वाटतंय."

आजवरच्या माझ्या रागाला तोवर नीट आकार नव्हता. त्या क्षणी तो आला. एका माणसाने प्रेमाने यंत्राला एक दिवस विश्रांती दिली, आणि त्याचा दोष तो एवढी वर्षं स्वतःकडे घेऊन बसलाय. आणि ज्यांनी ते यंत्र नासकं बनवलं ते आम्ही पेन्शन खातोय.

मी जवळजवळ ओरडलोच. "अहो, वायर काढल्याने मरावी अशी पेटी बनवायचीच नसते! तुमच्याकडे दिवसातून कितीदा लाइट जाते?"

"कितींदा येती, ते इचारा," केरबा म्हणाला.

मग त्याला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं, तेच इथे लिहितो. आमची पेटी दर नोंदीला चिपमधल्या एकाच जागी अनुक्रमणिका लिहायची: कुठली नोंद कुठे ठेवली आहे ते. त्यामुळे ती एकच जागा सारखी झिजत होती. नवी अनुक्रमणिका लिहायच्या आधी जुनी पुसायची. नेमकी त्याच वेळी वीज गेली तर जुनी गेलेली आणि नवी अर्धवट. मग नोंदी असूनही सापडत नाहीत, पेटी स्वतःला कोरी समजते आणि त्यांच्यावरच नवं लिहायला लागते. उपाय अवघड नव्हते. जागा आळीपाळीने वापरायच्या. नवं पक्कं झाल्याशिवाय जुनं पुसायचं नाही. आणि वीज गेल्यावर हातातलं वाक्य पुरं करण्याइतका दम पेटीत ठेवायचा. त्याला डाळीच्या दाण्याएवढा कपॅसिटर लागतो. पेटी बाजारात जायच्या आधी मी तिची चाचणी घेतली होती. वीज तोडली की ती मरत होती. मी सांगितलं. साहेब म्हणाले, "ही बॅच निघू दे, पुढच्या बॅचला बघू." मी सही केली.

ऐकून केरबा उठला. मला वाटलं तो हलका झाला असेल. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं."

"हो."

"पेटी तुमच्याकडं आली तवाबी म्हाईत व्हतं."

"हो."

"मग कावून न्हाई बोललात?"

नोकरी, मुलाची फी, घराचा हप्ता. वाटेत मी बरीच कारणं जुळवली होती. "भ्यालो," म्हणालो.

"आन म्या न्हाई भ्यालो का?" तो म्हणाला, आणि मेंढरं बघायला निघून गेला.

गोदाबाईने माझ्यापुढे ताट ठेवलं. ज्वारीची भाकरी, येसराची म्हणजे भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पिठाची आमटी, कांदा. आमटी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट हाय," ती म्हणाली, "का रडताव?" मी म्हटलं दोन्ही असेल. "मंग जेवा. रडत रडत जेवता येतंय."

जेवणानंतर तिने धान्याच्या कणगीमागून पेटी काढली. मी लॅपटॉपला जोडून चिप वाचायचा प्रयत्न केला. हळूहळू भार झिरपलेल्या खोल्याही कधी कधी विजेच्या वेगळ्या दाबाने वाचल्या की थोडं बोलतात. ही बोलली नाही. पत्र्याखालच्या उकाड्याने उरलंसुरलंही नेलं होतं.

तरी माझ्याजवळ एक हत्यार होतं. बॅगेत दोन सर्किटं आणली होती, एक आमचं जुनं आणि एक कपॅसिटर लावून नीट केलेलं. गावासमोर दोन्हींची वीज तोडायची. एकाचा दिवा तत्काळ विझणार, दुसरं लिहून पुरं करून मग विझणार. लोक डोळ्यांनी बघतील, मला फार बोलावं लागणार नाही. पेटीशी झटापट करताना मी बॅग अंगणात उघडी टाकली होती. मागे वळून बघतो तर एक करडू नीट केलेल्या सर्किटाच्या तारा शेवयांसारख्या ओढत होतं. हाकललं, तोवर तारा मुळासकट उपटल्या होत्या. कपॅसिटर सापडलाच नाही.

संध्याकाळी केरबा परतला तेव्हा मी दोन्ही हातांत ते अवशेष धरून शिव्या घालत होतो. करडाला, तारेला, स्वतःला. तो बघत राहिला. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं. "दाना ग्वाड लागला आसंल," म्हणाला.

"आता गावाला काय दाखवू?"

"दाखवायचं कशाला? सही करताना काय दाखवलंत? तोंड हाय न्हवं तुमाला?"

विहिरीवर

सकाळी पाण्याच्या वेळेला दोन्ही आळ्या विहिरीवर येतात. टाकीला तोट्या आहेत. हंडे, कळशा, प्लास्टिकचे ड्रम. पुण्यात पाणी आलं की प्रत्येक जण आपापल्या गच्चीवर धावतो, शेजारी दिसतही नाही. इथे सगळा गाव एकमेकांच्या तोंडासमोर असतो. रांगेत केरबामागे मात्र मोकळी जागा होती. त्याच्या मागचा माणूस एक हंडा सोडून उभा होता. ती जागा कुणी आखली नव्हती, पण तिथे कुणी पाय ठेवत नव्हतं.

गोदाबाईने रिकामी घागर दगडावर आपटली. "हे पुन्याचे सायेब हायत. काय बोलायचं म्हनतात. ऐका."

मी बोललो. पुस्तकी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. सांगितलं की पेटी आमच्या कारखान्यातूनच खराब आली, मला ते ठाऊक होतं, अहवाल मी खोटा लिहिला. केरबाने काही पुसलं नाही. लाइट जायची, तशी ती पेटीही कधी तरी जाणारच होती. केरबाने वायर काढली ती पूजेसाठी, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

"पुरावा?" खालच्या आळीचा आश्रुबा म्हणाला. केरबाचा शेजारी, एकेकाळचा सोबती. बोलणं टाकलं तेही सगळ्यांत आधी यानेच, असं गोदाबाईने सांगितलं होतं.

"पुरावा नाही. पेटीतलं सगळं उडालंय. दुसरं यंत्र आणलं होतं, ते ह्यांच्या करडाने खाल्लं."

हशा पिकला. मला संताप आला, पण तो हशा थांबवण्याचा मला अधिकार नव्हता.

"म्हंजी तुमी म्हनता म्हून खरं?" आश्रुबाने विचारलं.

"तेव्हा मी म्हणालो म्हणूनच खरं मानलंत ना? तेव्हाही पुरावा नव्हता. नुसती माझी सही होती. माझ्या सहीवर तुम्ही शेजारी सोडलात. आता मी तुमच्यासमोर उभा आहे."

हशा थांबला. तेवढ्यात तात्या पुढे आले. पांढरे कपडे, गोड आवाज. "जाऊ द्या, सायेब. जुन्या गोष्टी हायत. गाव कवाच इसरलं. चला, घरला चहा घेऊ."

"गाव विसरलं असेल तर ह्यांच्यामागे ती जागा कशाला मोकळी आहे?" मी म्हणालो. आवाज चढला होता. "अफवा तुमच्या नावाची होती, तात्या. केरबाला तुम्ही विकत घेतलं, अशी. तुम्ही घेतलं नव्हतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. एक शब्द बोलला असतात तर पुरलं असतं."

तात्यांचं हसू तसंच राहिलं. एक म्हातारी बाई म्हणाली, "मंग रातीला मोटारी कुनी चालवल्या, ते सांगा की!"

हा प्रश्न येणार हे मला समजायला हवं होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले, तात्यासुद्धा. "ते मला सांगता येत नाही," म्हणालो. "ती नोंद गेली. ती आता कुणालाच मिळणार नाही." तात्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला. त्यांची सुटका आमच्या कंपनीने केली. ज्या नोंदीसाठी गावाने करार केला, ती आम्ही एका डाळीच्या दाण्यासाठी घालवली. त्यापाठोपाठ करारही मोडला, आणि आता वरच्या माळावर बोअर किती झाले ते कुणी मोजतही नाही.

तोट्यांचं पाणी चालूच होतं. आश्रुबाची कळशी भरली. तो जरा घुटमळला, मग त्या मोकळ्या जागेत पाय टाकून म्हणाला, "केरबा, जरा हात दे. कळशी उचलाया."

केरबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "तुजी तूच उचल बे."

आश्रुबाने वाकून स्वतःच कळशी उचलली, निम्मं पाणी धोतरावर सांडलं. गोदाबाई पदराआडून हसली. "बोलला तर खरं," म्हणाली.

परत

माझी जीप निघताना केरबाने पेटी माझ्या मांडीवर ठेवली. माफी दिली नाही, मी मागितलीही नाही. "तुमची हाय. घिऊन जा."

"आणि खंडेनवमीला?"

"कात्री मांडीन," तो म्हणाला. "पेटी न्हाई."

आता ती माझ्या टेबलावर आहे. भाषणांतून तो फोटो मी काढून टाकलाय. त्या जागी ही पेटीच घेऊन जातो आणि पोरांसमोर झाकण उघडतो. झाकणाच्या खाचेत कुंकू अजून आहे. आत एकही कण नाही, तेव्हाही नव्हता. दुरुस्तीला आली त्या दिवशी अहवाल लिहायच्या आधी मी ती उघडून पाहिली होती. स्वच्छ, कोरडी. ते पाहून मी झाकण लावलं आणि कुंकवाचा फोटो काढला.